मुन्नार, एक दिवस आणि आपली स्वतःची गाडी: वाचकांचे प्रश्न

मुन्नारला प्रायव्हेट गाडी करून एका दिवसात चहाचे मळे, धबधबे आणि जंगल सगळं होतं का, या विषयावर इतके मेल आलेत की या वेळचा पूर्ण कॉलम त्यालाच दिलाय. नावं छापत नाहीये, कारण निम्म्या लोकांनी "घरच्यांना सरप्राइज आहे, नाव देऊ नका" असं लिहिलंय आणि घरचेही हेच मासिक वाचतात म्हणे.

प्रश्न: आम्ही सहा जण, त्यात सासूबाई-सासरे आणि दोन मुलं (वय ११ आणि ६). मुन्नारमधे दोन रात्री आहोत पण फिरायला मधला एकच दिवस आहे. एजंटने त्या दिवसासाठी लिस्ट पाठवलीय: एराविकुलम राष्ट्रीय उद्यान, टी म्युझियम, मट्टुपेट्टी डॅम, इको पॉइंट, कुंडला, टॉप स्टेशन, अट्टुकाड धबधबा, लक्कम धबधबा, चिन्नार अभयारण्य आणि शेवटी मसाल्याची बाग. होईल ना?

होईल की, गाडीच्या काचेतून. ताई, ही लिस्ट ज्याने बनवली त्याने नकाशा उघडलेला नाही, किंवा उघडलाय आणि तुम्ही उघडणार नाही अशी त्याची खात्री आहे.

मुन्नार गावातून मुख्य रस्ते निघतात चार. एक खाली कोचीकडे, त्यावर अट्टुकाडचा फाटा आणि पुढे अडिमालीच्या खालचे धबधबे. दुसरा उत्तरेला मरयूर-उडुमलपेटकडे, त्यावर एराविकुलम, लक्कम आणि चिन्नार. तिसरा पूर्वेला, मट्टुपेट्टी, कुंडला करत टॉप स्टेशनला. चौथा देवीकुलमवरून गॅप रोडने चिन्नक्कनाल आणि पुढे तमिळनाडूत. हे चारही रस्ते एकमेकांना वरच्या वर कुठेच मिळत नाहीत, प्रत्येक वेळी परत मुन्नारच्या बाजारात यायचं आणि तिथल्या ट्रॅफिकमधे अर्धा तास बसायचं. घाटात ताशी २५-३० किलोमीटरच्या वर सरासरी पडत नाही, सुट्टीच्या दिवशी तेवढीही नाही. एजंटच्या लिस्टमधे यातले तीन रस्ते आहेत, म्हणजे तुमचे सहाच्या सहा जण संध्याकाळी एकमेकांशी बोलत नसतील हे मी आत्ताच लिहून देते.

माझं म्हणणं एकच, एका दिवसाला एकच रस्ता धरा. प्रायव्हेट गाडीला आपण जास्तीचे पैसे देतो ते दहा पॉइंट बघायला नाही, ते लवकर निघायला, वाटेल तिथे थांबायला आणि "हे नको, पुढे चला" म्हणायला देतो. दहा पॉइंटच करायचे असतील तर बसच्या टूरमधे बसा, स्वस्त पडतं.

आणि तुमच्यासाठी तो रस्ता मरयूरचा. चहा, धबधबा, जंगल हे तिन्ही एकाच रांगेत मिळतं आणि मागे फिरून दुसरीकडे जावं लागत नाही. सकाळी ७ ला नाश्ता उरकून निघा (हॉटेलवाले म्हणतील ब्रेकफास्ट ८ ला, त्यांना आदल्या रात्रीच पॅक करून मागा). एराविकुलमचं गेट गावापासून ८-१० किलोमीटरवर आहे, पहिल्या बसेस ८ च्या सुमाराला सुटतात. तिकीट ऑनलाइन आधीच काढा, नाहीतर तुमची सकाळ रांगेत जाईल. तुमची गाडी खाली राहते, वर राजमलाला वनखात्याच्या बसने जायचं आणि पुढे डांबरी चढाची वाट चालायची. सासऱ्यांना चढ नको असेल तर बस सोडते त्या भागातच निवांत थांबू देत, नीलगिरी ताहर (इथला बकरीसारखा दिसणारा जंगली प्राणी) बऱ्याचदा तिथेच रस्त्याच्या कडेला चरत असतात.

तिथून साडेदहा-अकरापर्यंत खाली उतरलात की वागुवराई, तलयार या चहाच्या मळ्यांमधून रस्ता जातो. मुन्नारमधला माझा सगळ्यात आवडता तुकडा हाच, बाजाराच्या आसपासचे "टी गार्डन फोटो पॉइंट" याच्यापुढे काहीच नाहीत. मुन्नारपासून साधारण २५ किलोमीटरवर लक्कम धबधबा येतो, एराविकुलमच्याच डोंगरातून येणारं पाणी आहे, अंगाला लागलं की दात वाजतात, मुलं इथून निघायला तयार होणार नाहीत, तेवढा वेळ ठेवा. पुढे मरयूर, सुमारे ४० किलोमीटर. मुन्नार १५०० मीटरच्या वर आणि मरयूर हजार मीटरच्या आसपास, त्यामुळे सकाळचे स्वेटर इथे मागच्या सीटवर जातात. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूला तारेच्या जाळ्या दिसतील, आत चंदनाची झाडं आहेत, एकेका झाडाला नंबर. ऊस आणि गुऱ्हाळंही इथेच. मरयूरच्या गुळाला २०१९ मधे जीआय टॅग मिळालाय, हाताने वळलेले गोळे असतात, गडद रंगाचे. सासूबाईंना गुऱ्हाळ दाखवाच, ताज्या गुळाची चव बघितल्यावर मसाल्याच्या बागेची आठवण कोणालाच येणार नाही.

जेवण मरयूरला. मग सगळे ताजे असतील तरच चिन्नारपर्यंत आणखी २० किलोमीटर, नाहीतर इथून परत. दोन्ही बरोबर आहे.

प्रश्न: ऑफिसच्या कामाने कोचीला येतोय, मधे एक रविवार मोकळा आहे. कोचीहून टॅक्सी करून मुन्नार एका दिवसात करून येता येईल का? बायको म्हणते वेडेपणा आहे.

वहिनी बरोबर आहेत, पण अगदी शंभर टक्के नाही.

कोची ते मुन्नार १३० किलोमीटर, चांगला दिवस असेल तर चार तास आणि रविवारी संध्याकाळी उतरताना त्याहून जास्त. म्हणजे आठ-नऊ तास गाडीतच. एराविकुलम यात बसवू नका, तिथेच तुमचे अडीच-तीन तास जातील. पण जाण्याचा रस्ता हीच सहल समजलात तर दिवस चांगला जातो. पहाटे ५ ला निघा. नेरियामंगलमला पेरियार नदीवरचा १९३५ चा कमानींचा पूल लागतो, तिथून जंगल सुरू होतं आणि अडिमालीच्या आधी वळारा आणि चीयप्पारा हे दोन्ही धबधबे जवळजवळ रस्त्यावरच आहेत. चीयप्पारा सात टप्प्यांत पडतो आणि खालचा टप्पा रस्त्याला इतका चिकटून आहे की पावसाळ्यात गाडीतून उतरल्या उतरल्या तोंडावर तुषार येतात. सकाळी ७ ला तिथे तुम्ही आणि चार माकडं एवढेच असता, ११ नंतर भुट्टेवाले, बस, सेल्फी सगळं. पुढे पल्लिवासलच्या बाजूने अट्टुकाड, मग गावात टी म्युझियम, जेवण आणि दुपारी २ ला परतीला लागा. म्युझियम सोमवारी बंद असतं, तुमचा रविवार आहे म्हणून वाचलात.

प्रश्न: मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जायचं आहे. धबधब्यांना पाणी असेल का? आणि कुणी म्हणतं एराविकुलम बंद असतं.

मे मधे पाणी बेताचं. वळवाचे पाऊस चांगले झाले असतील तर नशीब, नाहीतर अट्टुकाडला नुसता खडक आणि मधून एक बारीक धार. लक्कम तुलनेने तग धरतो. चहा आणि थंड हवा मे मधे आहेच, त्यामुळे धबधबा हे मुख्य आकर्षण नसेल तर जा खुशाल, फक्त गर्दी सोसायची तयारी ठेवा.

एराविकुलम बंद असतं ते साधारण फेब्रुवारी आणि मार्चमधे, ताहरच्या माद्या तेव्हा पिल्लं घालतात म्हणून. तारखा वनखातं दरवर्षी जाहीर करतं, बुकिंगच्या आधी बघून घ्या, एजंट सांगत नाहीत. फेब्रुवारीत जाणारे कितीतरी लोक गेटवरून परत येतात आणि मग एजंट "सर आज अचानक बंद केलं" म्हणतो. अचानक काही नसतं, वर्षानुवर्षं हेच चाललंय.

धबधबे भरलेले हवेत आणि रस्ताही शाबूत हवा तर सप्टेंबर. जून ते ऑगस्ट पाणी जबरदस्त असतं पण घाट धोक्याचा. २०२० च्या ऑगस्टमधे राजमलाजवळ पेट्टीमुडीला चहा कामगारांच्या वस्तीवर रात्री दरड कोसळली आणि ७० माणसं गेली, हे लक्षात असू द्या. इडुक्की जिल्ह्याला रेड किंवा ऑरेंज अलर्ट लागला की धबधबे, डॅम बंद करतात, कधी रात्रीचा प्रवासही थांबवतात. अशा दिवशी "आपण पैसे भरलेत" म्हणून ड्रायव्हरच्या मागे लागू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरला परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, त्यामुळे सकाळ वापरा. डिसेंबर-जानेवारी सगळ्यात स्वच्छ आकाश, कधीकधी मळ्यांवर हिमकण, पण धबधबे उतरणीला लागलेले.

आणि ज्यांनी नीलकुरिंजीबद्दल विचारलंय त्यांना एकत्रच सांगते: ती बारा वर्षांनी फुलते, २००६ ला फुलली, २०१८ ला फुलली, आता २०३०. यंदा कोणी दाखवतो म्हणाला तर ते दुसरं कुठलं तरी निळं फूल आहे.

प्रश्न: आम्ही ताडोबाला दोनदा गेलोय. मुन्नारला जीप सफारी कुठली चांगली? वाघ दिसतो का?

दादा, ताडोबाच्या चष्म्यातून बघाल तर निराश व्हाल. मुन्नारला उघड्या जिप्सीतून जंगलात फिरवणारी सफारी हा प्रकार नाही. "जीप सफारी" म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा मळ्यांच्या कच्च्या रस्त्यावरून आदळत जाणं असतं, मजा येते पण जंगलाशी त्याचा संबंध नाही. वाघ या डोंगरांत आहेत, दिसण्याच्या भरवशावर मात्र कोणी जात नाही.

इथली बघायची गोष्ट वेगळी आहे. एराविकुलम फक्त ९७ चौरस किलोमीटरचं, पण नीलगिरी ताहरची सगळ्यात मोठी संख्या इथेच आहे. बरेच जण राजमलाला जाऊन "ही तर बकरीच" म्हणून खाली येतात. बकरी नाहीच मुळात, २००५ मधे झालेल्या जनुकीय अभ्यासानंतर त्याला स्वतःचा वेगळा वंश (जीनस) दिलाय आणि नातं निघालं मेंढ्यांशी. म्हातारा नर दिसला तर नीट बघा, अंग गडद तपकिरी आणि पाठीवर खोगीर टाकल्यासारखा फिकट पट्टा, शिंगं मागे वळलेली. सरळ उभ्या कड्यावर तो ज्या बेफिकिरीने उभा राहतो ते पाच मिनिटं बघितलं की पैसे वसूल. मागे ढगात अनामुडी, २,६९५ मीटर, दक्षिण भारतातलं सर्वात उंच शिखर, ढग बाजूला झाले तर.

ही जागा वाचली कशी तेही ऐका. मळेवाल्या इंग्रजांची ही शिकारीची जागा होती, १९२८ पासून त्यांची गेम असोसिएशन (शिकारीची संघटना) ती राखायची आणि राखणीला मुथुवान आदिवासी असायचे. शिकार टिकावी म्हणून राखलं, पण त्यामुळे गवताळ माथा चहाखाली गेला नाही. १९७५ ला अभयारण्य झालं, १९७८ ला राष्ट्रीय उद्यान.

ताडोबावाल्यांना खरं आवडेल ते चिन्नार. मुन्नारपासून ६० किलोमीटर, पण हवामान एकदम उलटं. पश्चिमेचा पाऊस सगळा वरच्या डोंगरांवर पडून जातो आणि मागे हा पर्जन्यछायेचा भाग उरतो, वर्षाला ५०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस. सकाळी धुक्यात चहा आणि दुपारी निवडुंग आणि काटेरी झुडपं, एकाच रस्त्यावर. इथे करडी शेकरू आहे, आपल्या शेकरूची नातलग पण रंगाने फिकट आणि भारतात फार थोड्या ठिकाणी उरलेली, नदीकाठच्या झाडांवर मान वर करून शोधावी लागते. तारा कासवं, हत्ती, गवे आहेत. वनखात्याचे गाइड घेऊन पायी जाता येतं आणि तेच करा. नुसतं गाडीतून गेलात तर वाटेत लांबून तूवानम धबधबा दिसेल आणि तो मात्र बघण्यासारखा आहे.

थेक्कडीही त्याच दिवशी जोडू का असं दोघा-तिघांनी विचारलंय. नाही. ते मुन्नारहून तीन-चार तासांवर आहे, त्याला वेगळा मुक्काम.

प्रश्न: आमचा ड्रायव्हर म्हणतो संध्याकाळी रस्त्यावर "पडयप्पा" हत्ती दाखवतो, जास्तीचे हजार द्या. द्यावे का?

देऊ नका. पडयप्पा हा मुन्नारच्या आसपास फिरणारा मोठा सुळेवाला जंगली नर, कधी मळ्यात, कधी रस्त्यावर, कधी दुकानातली भाजी खाताना दिसतो म्हणून फेमस झालाय. तो पाळीव नाही. लोक गाड्या आडव्या लावून, हॉर्न मारून, फ्लॅश मारून त्याला भंडावतात आणि एक दिवस तो उलटतो, मग दोष हत्तीचा. चिन्नक्कनालच्या अरिकोम्बन हत्तीला २०२३ मधे बेशुद्ध करून पेरियारच्या जंगलात हलवावं लागलं, त्यामागेही माणूस आणि हत्ती एकाच जागेत कोंडल्याचीच गोष्ट आहे. रस्त्यात आपसूक हत्ती दिसला तर गाडी लांब थांबवायची, खाली उतरायचं नाही, तो जाईपर्यंत गप्प बसायचं. हजार रुपयांचा गूळ घ्या.

प्रश्न: चहाच्या मळ्यात आत जाऊन फोटो काढता येतात का? आणि फॅक्टरी बघण्यासारखी असते की नुसतं दुकान?

मळा कोणाचा तरी असतो हे आपण विसरतो. कडेला थांबून फोटो काढा, आत शिरायचं तर विचारून. फवारणी झालेली असू शकते, झुडपांच्या ओळींमधली वाट अरुंद आणि निसरडी असते आणि पावसाळ्यात जळवा. पानं खुडणाऱ्या बायकांचा फोटो त्यांना विचारल्याशिवाय नको, त्या कामावर आहेत, वजनावर हिशोब असतो, तुमच्या रीलसाठी थांबलेली पाच मिनिटं त्यांच्या पोत्यातून जातात.

थांबलाच आहात तर हात बघा. "दोन पानं आणि एक कळी" हातानेच खुडतात असं आपल्या डोक्यात बसलंय, पण इथे बऱ्याच मळ्यांत मोठी कात्री असते, तिच्या एका पात्याला डबा जोडलेला, खच-खच कापलं की पानं डब्यात आणि डबा भरला की मान न वळवता पाठीमागच्या पोत्यात रिकामा. कमरेएवढी झुडपं दिसतात ती जातीने झाडं आहेत, छाटून छाटून खुजी ठेवलेली, सोडून दिली तर चांगली उंच होतील. मधेमधे उभे सिल्व्हर ओक सावलीसाठी.

फॅक्टरी बघायची तर मशीन चालू असलेली बघा. कन्नन देवन कंपनीचं म्युझियम नल्लतन्नीला आहे, तिथे चहा बनताना दाखवतात: पानं आधी वाऱ्यावर सुकवून मरगळू देतात, मग दातेरी रोलरमधून चिरडतात, हिरवा चुरा हवेत ठेवला की बघता बघता तांबूस होतो, मग गरम हवेत वाळवतात. घरी आपण जो दाणेदार चहा उकळतो तो हाच, सीटीसी. म्युझियममधे जुने फोटो आहेत त्यात आगगाडी दिसेल, हो, मुन्नारला आगगाडी होती, कुंडला व्हॅलीची. टॉप स्टेशन हे तिचंच वरचं टोक, तिथून चहाच्या पेट्या रोपवेने खाली तमिळनाडूत जायच्या. १९२४ च्या पुरात ती वाहून गेली आणि परत बांधलीच नाही. १८८० मधे शार्प नावाच्या मळेवाल्याने पार्वती इस्टेटमधे पहिला चहा लावला तिथपासून, २००५ ला टाटांनी मळे सोडून कामगार भागधारक असलेली कंपनी झाली तिथपर्यंत सगळं लावलंय. २०१५ साली याच मळ्यांतल्या बायकांनी युनियनच्या पुढाऱ्यांना बाजूला सारून पगार-बोनससाठी रस्ता अडवला होता, "पेंबिळै ओरुमै" (बायकांची एकजूट) नावाने, ते म्युझियममधे शोधू नका, म्हातारे ड्रायव्हर मात्र रंगवून सांगतात.

प्रश्न: गाडी ठरवताना काय विचारायचं? मागच्या वेळी आम्हाला दिवसभर दुकानंच दाखवली.

भाडं पूर्ण दिवसाचं आहे की किलोमीटरवर, किती किलोमीटरनंतर जास्तीचे लागतात, ड्रायव्हरचा बत्ता (रोजचा भत्ता), पार्किंग, टोल आत की बाहेर, हे सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, फोनवर बोललेलं टिकत नाही. टॉप स्टेशनला किंवा चिन्नारच्या पुढे जाणार असाल तर तमिळनाडूची हद्द येते, परमिटचं आधीच विचारा. पिवळी नंबरप्लेट बघून घ्या. नेटवर्क मधेमधे गायब होतं, त्यामुळे ऑनलाइन तिकिटांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

दुकानांचं म्हणाल तर मसाल्याची बाग, चॉकलेट, आयुर्वेदिक तेल, संध्याकाळचा कलारी (केरळची युद्धकला) शो, यांतल्या बऱ्याच ठिकाणी ड्रायव्हरला कमिशन असतं. त्याच्यावर रागावू नका, सीझनबाहेर त्याचं घर त्यावर चालतं. सकाळी निघतानाच सरळ सांगा, "चेट्टा, आज दुकानं नकोत, वेळ वाचला तर तुम्हालाच दोनशे जास्त." चेट्टा म्हणजे दादा, तिकडे सगळेच म्हणतात. मी सुचवलेल्या सगळ्यांचं हे वाक्य चाललंय.

प्रश्न: मुलगी घाटात कायम उलटी करते.

निघण्याआधी अर्धा-एक तास उलटीची गोळी, डोस तिच्या डॉक्टरांना विचारून. पोट रिकामंही नको आणि पुरी-भाजीने भरलेलंही नको, इडली उत्तम. पुढच्या सीटवर किंवा मधल्या रांगेत खिडकीशी बसवा, मोबाइल हातातून काढून घ्या (याला सगळ्यात जास्त विरोध होईल) आणि ड्रायव्हरला वळणावर हळू चालवायला सांगायला लाजू नका.

प्रश्न: कोळुक्कुमलैचा सूर्योदय एका दिवसात बसतो का? बाबांची कंबर दुखते.

बाबांना नेऊ नका. सूर्यनेल्लीपासून पुढे फक्त जीप जाते आणि तो रस्ता म्हणजे नुसते दगड. मुन्नारहून पहाटे साडेतीन-चारला निघावं लागतं. तरुण असाल तर जरूर जा, पण मग त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका, दुपारी सगळे झोपलेले असतील.

प्रश्न: लहानसा प्रश्न, दिवसभराच्या ट्रिपला ड्रायव्हरच्या जेवणाचं आपण बघायचं का?

बत्ता ठरलेला असेल तर त्यात जेवण धरलेलं असतं आणि मोठ्या हॉटेलांत ड्रायव्हरला वेगळं वाढतातही. पण मरयूर-चिन्नारच्या बाजूला हॉटेलं मोजकी, तिकडे त्यालाच विचारा तो कुठे जेवतो आणि तिथेच सगळे जेवा, केळीच्या पानावरचा भात आणि मीन करी तुमच्या पॅकेजच्या बुफेपेक्षा शंभर पटीने चांगली असेल. शाकाहारी असाल तर आधी सांगा, सांबारात मासा नसतो पण वाढणाऱ्याचा डाव एकच असतो.